जुना भाडेकरू

८ एप्रिल २०१४. रामनवमीची सुट्टी, पण आदल्याच दिवशी सर्व्हरचा संवाद कूटबद्ध करणाऱ्या ओपनएसएसएलमधलं ‘हार्टब्लीड’ नावाचं भगदाड जाहीर झालं होतं. बाहेरचा कुणीही, पासवर्ड न देता, सर्व्हरच्या मेमरीतला ६४ केबीपर्यंतचा तुकडा उचलून नेऊ शकत होता. परत मागितला की परत. मी पुण्यात घरूनच व्हीपीएन लावून ऑफिसच्या डेबियन सर्व्हरवर शिरलो. अपडेट दोन मिनिटांत बसलं.

साहेबांचा फोन. “व्हर्जन काय दाखवतंय?”

“१.०.१ई.”

“अरे, मग जुनंच की! दुरुस्त केलेलं १.०.१जी आहे.”

त्यांचंही चुकत नव्हतं. पण डेबियनवाले सहसा अख्खं नवं व्हर्जन आणत नाहीत, जुन्याच कापडाला नेमकं ठिगळ लावतात. आकडा तोच, फक्त पॅकेजच्या शेपटीला ‘डेब७यू५’. हे पटवून फोन ठेवला आणि खात्रीसाठी, कुठली प्रोसेस कुठली फाइल धरून आहे ते दाखवणारं एलएसओएफ चालवलं. वेब सर्व्हर एनजिनएक्सच्या नावापुढे, ओपनएसएसएलच्या लिबएसएसएल फाइलच्या ओळीत ‘डीईएल’, म्हणजे पुसलेली जुनी फाइल अजून वापरातच!

पॅकेज बसवणारा डीपीकेजी नवी फाइल शेजारी लिहून घेतो आणि एका झटक्यात जुन्या फाइलचं नाव तिला देतो. लिनक्समध्ये नाव वेगळं, ऐवज वेगळा. नाव गेलं तरी जी प्रोसेस जुना ऐवज धरून बसलीय, तिच्यापुरता तो शाबूत. दारावरची पाटी बदलली, पागडीचा भाडेकरू आतच! हे मुद्दाम असं आहे, कारण चालू प्रोग्रॅमच्या पायाखालची फाइल जागच्या जागी खरडली तर तो कोसळायचा. विंडोज वापरातली फाइल सहसा बदलूच देत नाही, म्हणून उठसूट रीस्टार्ट मागतं. आम्ही त्याची टिंगल करायचो. त्या दुपारी नाही केली.

लोकांचं काम अडू नये म्हणून एनजिनएक्स नुसतं रीलोड केलं. डीईएल जागेवरच, रीलोडमध्ये मुख्य प्रोसेस मरतच नाही ना! पुरतं बंद करून चालू केल्यावर गेलं. मग मेलचा नंबर. शेवटी यादीत एकच नाव उरलं, ओपनव्हीपीएन. मी ज्याच्यावरून आत आलो होतो तेच. बंद केलं आणि परत उठलंच नाही तर?

स्कूटर काढली. ऑफिसच्या गेटवर वॉचमनकाका म्हणाले, “आज सुट्टी ना साहेब?”

मी नुसता हसलो. मेमरीतून एव्हाना फुटल्या असतील म्हणून सर्व्हरच्या गुप्त किल्ल्या आणि सर्टिफिकेटं बदलायची अजून बाकीच होती.