वाळवण आणि वळीव

वैशाखात गच्चीवर पापड, शेवया, सांडगे पसरले की माझी एक नजर आभाळावर असते. वर्षभराची बेगमी दहा मिनिटांच्या वळिवात भिजून जाते.

हवामान खात्याचा अंदाज मी सकाळीच बघते. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे लगेच पावलं उचला. पण हा इशारा सबंध जिल्ह्याचा; आपल्या गच्चीचं आपणच बघायचं.

ढगांची आज जगभर चालणारी मुख्य नावं लंडनच्या ल्यूक हॉवर्ड यांनी १८०२ मध्ये सुचवली. औषधं बनवणं हा त्यांचा व्यवसाय! खूप उंचावरचे पिसांसारखे ढग म्हणजे सिरस. ते हिमकणांचे असतात, त्यांचा पाऊस जमिनीपर्यंत पोचत नाही. कापसाच्या पुंजक्यांसारखे, सपाट तळाचे ते क्युम्युलस. ते छोटे असतील तोवर वाळवण खुशाल राहू द्यावं. पण दुपारी तेच लाह्या फुटाव्यात तसे वर चढू लागले, तळ काळवंडला, माथा ऐरणीसारखा पसरला, की तो क्युम्युलोनिंबस. वळीव, गारा, विजा सगळं त्याच्याच पोटात.

म्हणून मैत्रिणींनो, ढग वर चढू लागताच चादरी गोळा करा. गडगडाट ऐकू आला की मात्र गच्चीवर जायचं नाही, सुनेला किंवा मुलांनाही पाठवायचं नाही. वीज चमकल्यावर तीन सेकंदांत आवाज आला, तर ती जेमतेम एक किलोमीटरवर असते. पापड काय, पुन्हा लाटता येतात.