चौथा विषय

माझ्या हातून आज जे काम होतं, त्याचं श्रेय द्यायचं तर ते इंग्लंडमधल्या एका शिक्षिकेला. आम्ही त्यांना नुसतं ‘मिस’ म्हणायचो. त्या सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीला, भूगर्भशास्त्र शिकवत.

दहावी पुण्यात झाली आणि बाबांच्या नोकरीमुळे आम्ही तिकडे गेलो. इंग्लंडमध्ये २००० साली नवी पद्धत आली होती. पहिल्या वर्षी बहुतेक मुलं चार विषय घेत आणि वर्षअखेरीस एक सोडून उरलेल्या तिन्हींची ए-लेव्हल देत. गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र घरात आधीच ठरले होते. पुढे सोडूनच द्यायचा म्हणून चौथा विषय मात्र माझ्या मनावर सोडला. मी भूगर्भशास्त्र घेतलं.

पहिल्या तासाला मिसनी प्रत्येकाच्या हातात एक दगड आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग दिलं. भिंग डोळ्याजवळ धरायचं आणि दगड त्याच्या जवळ आणायचा. ‘‘नाव नको, दिसतंय ते सांगा,’’ एवढंच त्यांचं म्हणणं. माझ्या दगडात शिंपल्यांचे बारीक तुकडे होते. त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब पडताच फसफस झाली. चुनखडी हे उत्तर मला कुणी सांगितलं नाही, माझं मलाच सापडलं. तो आनंद मला नवा होता.

मी पुण्याची हे कळल्यावर दख्खनच्या बेसॉल्टचा तास त्यांनी माझ्यावर सोपवला. सिंहगड कितीदा तरी चढले होते, पण सह्याद्रीच्या कड्यांवरचे आडवे थर म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरत गेलेले लाव्हाचे प्रवाह, हे मला त्या तयारीत उमगलं. विहीर खणताना कुठे काळा पाषाण लागतो, कुठे मुरूम, हे मामाला फोनवर विचारून घेतलं. वर्गात मिस मागच्या बाकावर बसून वहीत टिपत होत्या.

विषय सोडायची वेळ आली तेव्हा त्यांनी मला विचारलं, ‘‘तास संपल्यावरही कुठल्या विषयाचे प्रश्न तुझ्या डोक्यात राहतात?’’ उत्तर आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. मी रसायनशास्त्र सोडलं. पालकसभेत बाबांना त्यांनी बोगदे, धरणं आणि भूजल या कामांची नीट माहिती दिली आणि गणित-भौतिकशास्त्र अजिबात सोडू देऊ नका, असंही बजावलं. मग गणिताचं ओझं वाटेनासं झालं. खडकातून पाणी किती वेगाने झिरपतं हे काढायला तेच लागणार होतं.

आता मी मराठवाड्यात भूजलाचं काम करते. अखंड काळ्या पाषाणात पाणी फारसं मुरत नाही. ते भेगांत, झिजलेल्या थरांत आणि सच्छिद्र अशा मांजऱ्या खडकात साठतं. विहिरीत उतरून ते थर वाचताना मला मिसनी लावलेली सवय उपयोगी पडते: आधी बघायचं, निष्कर्ष मागून.

विषय निवडायची मुभा कागदावर पुष्कळांना मिळते. पण निवडावासा वाटेल इतका तो विषय उघडून दाखवणारं माणूस भेटावं लागतं. म्हणून नात्यातली मुलं ‘सायन्स घेऊ की आर्ट्‌स?’ म्हणून माझ्याकडे येतात तेव्हा मी टक्के विचारत नाही. मिसनी मला विचारलेला प्रश्न त्यांच्यापुढे ठेवते आणि उत्तर मिळेपर्यंत त्यांच्याजवळ बसते.