पाच जणांची नावं

मैत्रिणींनो, कैऱ्या बाजारात आल्या आहेत, मुलांच्या परीक्षा तोंडावर आहेत, आणि अशा वेळी ही बाई विलायती बॅण्डची गोष्ट काय घेऊन बसली, असं तुम्ही म्हणाल. म्हणा बापड्या! पण गोष्ट शेवटपर्यंत वाचा, कारण तिच्यात माझाही एक जुना अपराध आहे, आणि तो आजवर मी आमच्या ह्यांनासुद्धा धड सांगितलेला नाही.

सुरुवात झाली ती माझ्या धाकट्या आत्यापासून. आत्या 1983 साली शिकायला मुंबईला होस्टेलवर राहिली. तिथून ती तीन गोष्टी घेऊन परत आली : पदवी, आखूड केस आणि एक कॅसेट. कॅसेटवर पाच देखणी पोरं, केस फुगवलेले, डोळ्यांत चक्क काजळ! आजोबांनी विचारलं, "ही मुलं की मुली?" आणि घरात जो हशा पिकला, तो आत्याच्या लग्नापर्यंत पुरला. आत्या मात्र हसली नाही. ती कॅसेट तिच्याबरोबर सासरी गेली. परवा तिच्याकडे गेले होते, तर आता साठीला आलेली ही बाई मोबाइलवर तीच गाणी लावून शेवगा निवडत होती. मी म्हटलं, "आत्या, अजून?" ती म्हणाली, "अगं, ते अजून गातात, तर मी का ऐकू नये?"

मला खरंच वाटेना. घरी येऊन मी वाचलं, ऐकलं, पाहिलं. मग चार रात्री माझ्या डोक्यातून ती पाच पोरं जाईनात.

बॅण्डचं नाव ड्युरॅन ड्युरॅन. 1968 च्या 'बार्बारेला' या सिनेमातल्या एका शास्त्रज्ञाच्या नावावरून घेतलेलं. गाव बर्मिंगहॅम. म्हणजे लंडनचा झगमगाट नव्हे, तर मोटारींच्या कारखान्यांचं, धुराचं आणि कामकरी माणसांचं शहर. 1978 साली निक बेट्स आणि नायजेल जॉन टेलर या दोन मित्रांनी हा उद्योग सुरू केला. निक तेव्हा अवघा सोळा वर्षांचा! त्यानं पुढे आडनाव बदलून ऱ्होड्स केलं आणि टेलरनं 'नायजेल' गाळून नुसतं 'जॉन' ठेवलं. (आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात, ह्यांनी आपलं आपणच बदललं.) मग ड्रमवर रॉजर टेलर आला. गिटारवाला हवा म्हणून एका संगीत साप्ताहिकात जाहिरात दिली, तर उत्तरेकडून अँडी टेलर हजर झाला. तीन टेलर, आणि तिघांचं एकमेकांशी काही नातं नाही!

त्यांची तालीम चाले 'रम रनर' नावाच्या नाइटक्लबात. क्लबच्या मालक भावांनी त्यांना जागा दिली, पण फुकट नाही हं. निकनं रेकॉर्डी लावायच्या, जॉननं दारावर उभं राहायचं, रॉजरनं पेले गोळा करायचे आणि अँडीनं स्वयंपाकघरात हॅम्बर्गर भाजायचे. मला हा भाग सगळ्यांत आवडला. पुढे ज्यांच्या कोटांची जगभर नक्कल झाली, त्यांचा एक गडी रात्री तव्यासमोर उभा होता, हे वाचून बरं वाटलं.

गाणारा काही केल्या मिळेना. येत होते आणि जात होते. शेवटी 1980 च्या मे महिन्यात क्लबात कामाला असलेल्या एका मुलीनं आपल्या ओळखीचा मुलगा सुचवला. नाव सायमन ल बॉन, बर्मिंगहॅम विद्यापीठात नाटक शिकणारा. तो आला तो गुलाबी रंगाची, चित्त्याच्या ठिपक्यांची विजार घालून आणि हातात आपल्या कवितांची वही घेऊन. निवडला गेला! मला विचाराल तर विजारीपेक्षा वहीनं काम केलं असणार. कारण त्यांच्याकडे चाली होत्या, शब्द नव्हते. ज्या मुलीनं नाव सुचवलं, ती पुढे त्यांच्या कुठल्याच फोटोत नाही. असो.

त्याच वर्षाच्या अखेरीस ईएमआय कंपनीनं त्यांच्याशी करार केला. 1981 च्या फेब्रुवारीत पहिलं गाणं आलं, 'प्लॅनेट अर्थ', आणि इंग्लंडच्या यादीत बाराव्या क्रमांकावर गेलं. त्या वर्षीचंच 'गर्ल्स ऑन फिल्म' पाचव्यावर पोहोचलं. त्या गाण्याची फिल्म बीबीसीनं दाखवायचं नाकारलं. मी ती थोडी पाहिली आणि बंद केली. बायकांना असं नाचवून गाणी खपवायची ही रीत मला तेव्हाची असो की आजची, पसंत नाही. हे आत्यालाही मी तोंडावर सांगितलं. ती म्हणाली, "ते मलाही आवडलं नव्हतं. पण बाकीचं?"

बाकीचं मात्र पाहण्यासारखं आहे. 1982 च्या एप्रिलमध्ये हे सगळे आपल्या शेजारी, श्रीलंकेत आले. दिग्दर्शक रसेल मलकाही यानं तिथे त्यांच्या तीन गाण्यांच्या फिल्म केल्या. 'सेव्ह अ प्रेअर'मध्ये सिगिरियाचा तो प्रचंड खडक आणि त्याच्या माथ्यावर सायमन आणि निक, मुंगीएवढे दिसतात. पोलोन्नरुवाच्या भग्न बुद्धमूर्तींमधून ही परकी पोरं चालतात. समुद्र, हत्ती, माडाची झाडं, सगळं आपल्या ओळखीचं, आणि तरी कुणा पाहुण्याच्या डोळ्यांनी पाहिल्यासारखं. अँडीच्या पोटात मात्र शूटिंगच्या वेळी तळ्यातलं पाणी गेलं आणि तो चांगलाच आजारी पडला. पुढे 'रिओ' गाण्यासाठी वेस्ट इंडीजमधल्या अँटिग्वा बेटावर शिडाचं जहाज आणि अँटनी प्राइस या शिंप्यानं (त्यांच्या भाषेत डिझायनर!) शिवलेले फिकट रंगांचे रेशमी सूट. पाण्यात पडताहेत, भिजताहेत, मला तर त्या रेशमाचीच काळजी वाटत होती.

नशिबाची गंमत बघा. अमेरिकेत 1 ऑगस्ट 1981 रोजी एमटीव्ही ही गाण्यांच्या फिल्म दाखवणारी वाहिनी सुरू झाली होती. दिवसभर दाखवायचं, तर दाखवायला फिल्म हव्यात, आणि ह्यांच्याकडे त्या तयार! 'हंग्री लाइक द वूल्फ' 1983 साली अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकावर गेलं. त्याच मार्चमध्ये इंग्लंडात त्यांचं एक गाणं निघाल्याबरोबर थेट पहिलं आलं. राजकन्या डायनाचा हा आवडता बॅण्ड. 1983 च्या जुलैत लंडनच्या डोमिनियन थिएटरात मदतीसाठी केलेल्या त्यांच्या कार्यक्रमाला ती आणि चार्ल्स दोघेही हजर होते. 1984 मध्ये 'द रिफ्लेक्स' अमेरिका आणि इंग्लंड दोन्हीकडे अव्वल. 1985 मध्ये जेम्स बॉण्डच्या सिनेमाचं त्यांचं गाणं अमेरिकेत पहिलं आलं. बॉण्डच्या दुसऱ्या कुठल्याही गाण्याला तो मान मिळालेला नाही.

आणि तरी शहाणे लोक त्यांना हसत होते. का? तर ऐकणाऱ्या मुली होत्या म्हणून! पंधरा-सोळा वर्षांच्या मुली किंचाळतात, म्हणजे त्यात दम नसणार, असा हिशोब. मुलींना आवडलं ते पोरकट, हे ऐकत ऐकतच आपण मोठ्या झालो नाही का? जॉन टेलरची बोटं बेसवर कशी चालतात ते मुद्दाम ऐका. मला संगीतातलं थोडंफार कळतं. ते सोपं काम नाही.

आता माझ्या गोष्टीकडे येते. वाचता वाचता एका ओळीशी मी थांबले. या पाच जणांनी ठरवलं होतं, की गाणं कुणालाही सुचो, त्याच्याखाली नावं पाचही जणांची लागणार आणि त्याचे पैसेही पाचांत वाटले जाणार. विशीतली पोरं ही! आणि मी एकवीस वर्षांची असताना काय केलं होतं?

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आमचा चौघी मुलींचा भावगीतांचा संच होता. मी गात असे. एक तबल्यावर, एक मागे सूर धरायला, आणि पेटीवर माझी सगळ्यांत जवळची मैत्रीण. चाली बसवायची ती. माझा श्वास कुठे तुटतो ते माझ्याआधी तिला कळायचं. गणेशोत्सवात आम्हांला एका मोठ्या मंडळाचा कार्यक्रम मिळाला. हँडबिलाचा मजकूर प्रेसमध्ये द्यायला मी गेले, आणि माझं नाव मोठ्या टाइपात घालून खाली 'आणि सहकारी' असं लिहून दिलं. प्रेसवाल्यानं विचारलंसुद्धा, "ताई, बाकीच्यांची नावं?" मी म्हटलं, "जागा नाही."

जागा होती हो. खाली गणपतीचं चांगलं मोठं चित्र होतं.

मैत्रीण काही बोलली नाही. त्या रात्री तिनं साथ केली, नेहमीसारखीच सुरेख. आणि दुसऱ्या दिवसापासून ती तालमीला आली नाही. पुढे तिचं लग्न झालं, माझं झालं, पत्रिका मात्र दोघींनी एकमेकींना पाठवल्या नाहीत.

त्या पाचांचंही सगळं गोड राहिलं असं नाही बरं का. नावं सारखी लावली तरी माणसं थकतातच. 1985 मध्ये त्यांचे दोन तट पडून दोन वेगळे संच निघाले. 13 जुलै 1985 ला फिलाडेल्फियात, दुष्काळग्रस्तांसाठीच्या 'लाइव्ह एड' कार्यक्रमात, बॉण्डचं गाणं गाताना सायमनचा सूर सगळ्या जगासमोर फाटला. गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं तेव्हाच! सूर फाटणं काय असतं ते गाणारीलाच कळतं. मी ते पाहताना डोळे मिटून घेतले. त्यानंतर पाचही जण एका मंचावर दिसले ते थेट अठरा वर्षांनी. पुढच्याच महिन्यात सायमनची शर्यतीची बोट समुद्रात उलटली आणि तो चाळीसएक मिनिटं उलट्या बोटीखाली अडकून पडला. वाचला, डिसेंबरात यास्मिनशी लग्न केलं, आणि तो संसार पुढे चांगला टिकला, तीन मुली झाल्या. 1986 मध्ये रॉजर दमून खेड्यात शेतावर राहायला गेला. अँडीही गेला. जॉन दारू आणि नशेच्या आहारी गेला होता. 1994 च्या सुमारास तो त्यातून बाहेर पडला, आणि पुढे आपल्या आत्मचरित्रात त्यानं ते सगळं मोकळेपणानं लिहिलं.

1990 च्या अल्बमकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. संपले, असंच सगळे म्हणाले. मग उरलेल्या तिघांनी वॉरन कुकुरुलो या नव्या गिटारवाल्याच्या घरी, दिवाणखान्यात बसून गाणी केली. 1993 च्या त्या अल्बमच्या मुखपृष्ठावर त्यांनी आपले फोटो छापलेच नाहीत. छापले ते आपापल्या आईवडलांच्या लग्नाचे फोटो! काजळवाल्या पोरांनी आपल्या आयांना पुढे केलं. त्यातलं 'ऑर्डिनरी वर्ल्ड' हे गाणं सायमननं एका गेलेल्या मित्राच्या आठवणीत लिहिलं. अमेरिकेत ते तिसऱ्या क्रमांकावर गेलं. आत्या म्हणते, तिच्या मिस्टरांच्या आजारपणात रात्री हेच गाणं तिला सोबत करत असे. आजोबा असते, तर हे त्यांना सांगायला हवं होतं.

2001 मध्ये पाचही पुन्हा एकत्र आले, 2003 पासून कार्यक्रम सुरू झाले, लोकांनी डोक्यावर घेतलं, आणि 2006 मध्ये अँडी पुन्हा निघून गेला. (मोडलेली घडी एकदा बसली की कायमची बसते, असं थोडंच आहे!) बाकीचे गात राहिले. 2022 च्या जुलैत बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल खेळ भरले, तेव्हा उद्घाटनाच्या सोहळ्यात गायला गावानं त्यांनाच बोलावलं. त्याच वर्षी 5 नोव्हेंबरला लॉस एंजेलिसमध्ये 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'चा मान मिळाला. अँडीही येणार होता. आला ते त्याचं पत्र. चार वर्षांपासून त्याला शेवटच्या पायरीचा कर्करोग आहे, हे त्यानं त्या पत्रात सांगितलं. सायमननं ते वाचून दाखवलं. जो दोनदा सोडून गेला, त्याचं पत्र, त्याच्याच मानाच्या दिवशी. पुढे उपचारांचा गुण आला आणि 2023 च्या 'डान्स मकाब्र' या अल्बमवर अँडीनं त्यांच्यासाठी पुन्हा गिटार वाजवली.

मैत्रिणींनो, गेल्या जूनमध्ये माझ्या आठवीच्या वर्गात एक नवी मुलगी आली. मी आठवड्यातून तीन दिवस इंग्रजी शिकवते. हजेरी घेताना आडनाव ओळखीचं नव्हतं, पण हनुवटी ओळखीची होती. शाळेच्या फाटकाशी तिची आई दिसली आणि माझे पाय जड झाले. ह्या दहा महिन्यांत आम्ही दोघी फक्त मान हलवून हसलो. मग गेल्या सोमवारी ती पोर वही द्यायला आली आणि म्हणाली, "बाई, आई सांगते तुम्ही फार छान गाता."

एवढंच. त्यात 'गात होता' असंही नव्हतं.

या शुक्रवारी माझ्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू आहे. निमंत्रण मी मुलीच्या हाती पाठवलं नाही, स्वतः जाऊन दिलं. दारात उभ्या उभ्याच मी हँडबिलाचं बोलले. फार नीट बोलता आलं नाही. ती म्हणाली, "तुझ्याकडे ती पेटी आहे अजून?" आहे, म्हटलं, माळ्यावर. "खालचा पंचम चिकटायचा," ती म्हणाली, आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून आत गेली. येते किंवा येत नाही, काहीच बोलली नाही.

कैरीची डाळ आणि पन्हं करायचं आहेच. काल ह्यांच्याकडून पेटी माळ्यावरून खाली काढून घेतली. भाता अजून धड आहे. पंचम चिकटतोच आहे.