घाईनें वाचलेल्या दोन ओळी

पानें वाढावयास अजून अवकाश होता. आमची नात ओटीवर बसून कॉलेजांत नेमलेली एक इंग्रजी कादंबरी वाचीत होती. आमचें इंग्रजी मॅट्रिकपुरतें, म्हणून “काय वाचतेस, बाळ?” असें विचारलें. तिनें ती सारी कथाच आम्हांस मराठींत सांगितली, आणि त्या रात्रीं आम्हांस झोप आली नाहीं.

अमेरिकेंतील नॉर्थ कॅरोलिना प्रांतांत विल्मिंग्टन नांवाचें बंदर आहे. १८९८ सालीं तें त्या प्रांतांतील सर्वांत मोठें शहर असून तेथें कृष्णवर्णीयांची वस्ती गोऱ्यांहून अधिक होती. नगरसभेंतहि त्यांचे सभासद होते. हें ज्यांस सोसवेना त्यांनीं आधीं मसलत करून १० नोव्हेंबर रोजीं शस्त्रें उचललीं. कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राची कचेरी जाळली, रस्त्यांत माणसें मारलीं, आणि नगराध्यक्षास राजीनामा द्यावयास लावून सत्ता बळकाविली. मृतांची नक्की गणना आजवर झालेली नाहीं. पुढें जेत्यांनींच इतिहास लिहिला व दोष मेलेल्यांच्या माथीं मारला. सरकारी आयोगाचा अहवाल निघाला तो २००६ सालीं, म्हणजे १०८ वर्षांनीं!

परंतु चार्ल्स चेस्नट या लेखकानें ती हकीकत १९०१ सालींच ‘द मॅरो ऑफ ट्रॅडिशन’ या कादंबरींत सांगून ठेविली होती. हा गृहस्थ स्वतः कृष्णवर्णीय वंशाचा, आणि पूर्वायुष्यांत आमच्यासारखाच शाळामास्तर. शहराचें नांव त्यानें बदललें, एवढेंच. कथेंतील कृष्णवर्णीय डॉक्टरचें रुग्णालय जमाव जाळतो. त्याचा लहानगा मुलगा गोळी लागून मरतो. त्याच वेळीं, ज्या संपादकानें ही आग पेटविली त्याचें मूल घशाच्या रोगानें गुदमरूं लागतें. दुसरा डॉक्टर मिळत नाहीं. पुत्रशोकानें विव्हल झालेली ती माता अखेर पतीस जाऊं देते. मूल वांचलें कीं नाहीं, हें ग्रंथकार सांगत नाहीं. वेळ अजून गेलेली नाहीं, एवढेंच सुचवून तो लेखणी ठेवितो.

अहवालांत तारखा आणि नांवें सांपडतात. पण त्या मातेच्या अंतःकरणांतील झगडा वाङ्मयावांचून कोण सांगणार?

आमची झोप उडाली ती मात्र घरच्याच कारणानें. तीसएक वर्षांपूर्वीं आम्ही इतिहास शिकवीत होतों. महाडच्या १९२७ सालच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाविषयीं पुस्तकांत दोन ओळी होत्या. त्या घाईनें वाचून आम्ही पुढें सरकलों. मागच्या बाकावरील एक मुलगा उभा राहिला. “गुरुजी, माझे आजोबा तेथें होते. पाणी प्यायल्यावर लोकांनीं त्यांचें डोकें फोडलें. सांगूं का?”

“परीक्षेस एवढें येत नाहीं. बस खालीं,” असें आम्हीं म्हटलें.

तो बसला, आणि वर्षभर पुन्हां उठला नाहीं. वाचकहो, खरें कारण परीक्षा नव्हतें, लाज होती. तें डोकें फोडणारे स्वतःस स्पृश्य म्हणविणारेच होते. आमच्या वर्गांत एक चेस्नट उभा होता, आणि आम्हींच त्यास खालीं बसविलें.

तो मुलगा आज कोठें आहे, हें आम्हांस ठाऊक नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्हीं नातीस व घरांतील सर्व मुलांस जवळ बसवून त्या दोन ओळी सावकाश वाचल्या, आणि त्याच्या आजोबांची हकीकत त्याच्याच शब्दांत सांगितली.