नुसती नर्स

यंदाच्या दिवाळीत बारावीतल्या माझ्या धाकट्या बहिणीने बी.एस्सी. नर्सिंगला जायचे म्हटले, आणि ऐन सणात आमच्या घरात कुणी कुणाशी धड बोलेना. अण्णा इचलकरंजीला यंत्रमागावर बारा तासांची पाळी करतात. त्यांचे एकच म्हणणे, "पोरीला शिकवायची, ती काय लोकांची घाण काढायला?"

बहिणीने आशेने माझ्याकडे पाहिले. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. माझ्या शब्दाला थोडी किंमत असते. मी म्हणालो, "डॉक्टर होणार असतीस तर गोष्ट वेगळी. नुसती नर्स होऊन काय करणार?" ती काही बोलली नाही. माहितीपत्रकाची घडी करून तिने ते ट्रंकेत टाकले.

पुढे महिन्याभरातच वहिनीला आठव्या महिन्यात कळा सुरू झाल्या. १०८ च्या गाडीने तिला हातकणंगल्याहून कोल्हापूरच्या थोरल्या दवाखान्यात नेले. बाळ झाले ते १,४०० ग्रॅमचे, ओंजळीत मावेल एवढे. त्याला नवजात शिशूंच्या विशेष कक्षात ठेवले. दादा कामावर, म्हणून रात्री थांबायला मी. त्या काचेबाहेर मी अकरा रात्री काढल्या.

तिसऱ्या रात्री पाहिले ते विसरणार नाही. सिस्टर दुसऱ्या बाळाला नळीतून दूध देत होत्या. एकदम वळल्या, आमच्या बाळापाशी गेल्या आणि त्याच्या इवल्या तळव्यावर बोटाने टिचकी मारून तो चोळू लागल्या. यंत्राची घंटा वाजली ती त्यानंतर. बाळाची छाती पुन्हा वरखाली होऊ लागली. मग त्यांनी डॉक्टरांना बोलावले, औषध सुरू झाले.

सकाळी मी विचारले तेव्हा त्या सहज म्हणाल्या, "फार लवकर जन्मलेली बाळं श्वास घ्यायला विसरतात. तळव्याला बोट लावलं की बहुतेकांना आठवण होते."

"पण घंटेआधी तुम्हाला कळलं कसं?"

"रंग बदलतो की ओठांचा."

पाचव्या दिवशी बाळाला कावीळ झाली. आजीने निरोप धाडला, कोवळ्या उन्हात धरा. सिस्टर हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "आजींचं अगदीच चुकीचं नाही, पण एवढ्या लहान जीवाला नुसत्या उन्हावर भागत नाही. मोजून प्रकाश द्यावा लागतो." डोळ्यांवर पट्टी बांधून बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवले.

या दिव्याची कथा मी नंतर वाचली. १९५६ साली इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात जीन वॉर्ड नावाच्या सिस्टर अपुऱ्या दिवसांची बाळे पाहत. बाळांना मोकळी हवा मिळावी म्हणून त्या त्यांना अंगणात नेत. एकदा त्यांनी डॉक्टरांना एक बाळ दाखवले. त्याचे अंग फिकट झाले होते. चादरीच्या कोपऱ्याखाली राहिलेला तेवढा त्रिकोण मात्र पिवळाधमक. त्यावरून डॉक्टरांनी शोध घेतला आणि १९५८ साली प्रकाशाच्या उपचारावरील निबंध प्रसिद्ध झाला. आज जगभर लाखो बाळे त्या प्रकाशाखाली बरी होतात. मूळ नजर एका नर्सची!

आपल्याकडेही या नजरेला आता शिक्षणाची जोड मिळते आहे. चार वर्षांच्या पदवीनंतर अतिदक्षतेतील नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. सुईणपणात तरबेज होण्यासाठी अठरा महिन्यांचे वेगळे प्रशिक्षण केंद्र सरकारने २०१८ मध्ये ठरवले. खेड्यातल्या उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणूनही नर्सिंगचे पदवीधर बसतात. रक्तदाब, मधुमेह तेच पहिल्यांदा ओळखतात. डॉक्टरांचे काम वेगळे, यांचे वेगळे. एक दुसऱ्याची खालची पायरी नव्हे. मी मात्र दोन्ही कामांना एकाच शिडीवर उभे केले होते.

बाराव्या दिवशी मी घरी आलो आणि बहिणीची माफी मागितली. शेजाऱ्याच्या वह्या लिहून मिळालेले पैसे जवळ होते, त्यांतून तिच्या सीईटीचा अर्ज भरला. ती एवढेच म्हणाली, "दादा, घाण काढावी लागतेच हं. ते खोटं नाही." मला ते उत्तर फार आवडले.

बाळ आता घरी आहे, अडीच किलोच्या वर गेले आहे. अण्णांनी अजून तोंडभर होकार दिलेला नाही. पण परवा रविवारी नातवाला मांडीवर घेऊन ते सोप्यात बसले होते. त्याच्या ओठांकडे बराच वेळ पाहत राहिले आणि मग बहिणीला हळूच विचारले, "ह्ये रंग वळखायचं तुमच्या त्या कॉलेजात शिकवत्यात व्हय गं?"