चावीवाल्याचे आटे

लालबागच्या आमच्या चाळीत पहाट उजाडायची ती नळाच्या फुरफुरीने. आधी नुसती हवा, मग तांबूस पाणी, मग खरं पाणी. त्याच्याही आधी खाली रस्त्यावर लोखंडी झाकण सरकल्याचा आवाज यायचा. चावीवाला आला! टी आकाराची लांबलचक चावी तो खड्ड्यात बसवी आणि फिरवू लागे. कुठला व्हॉल्व्ह किती आटे सोडला की आम्हाला पाणी येतं आणि पुढच्या गल्लीचं तुटत नाही, हे त्याच्या हाताला ठाऊक. गॅलरीतून बायका ओरडत, "काका, आज दोन आटे जास्त सोडा हो, घरात लग्न आहे!" काका नुसते हसत. सोडत की नाही, देव जाणे.

गळती शोधायला माणसं रात्री येत. लोखंडी सळीचं एक टोक नळावर, दुसरं कानाला. रहदारी थांबल्यावरच जमिनीखालची सळसळ ऐकू येई.

आता काही शहरांत हे काम 'डिजिटल ट्विन' करतं. जलवाहिन्यांच्या जाळ्याची संगणकातली ही जुळी प्रतिकृती. तिला सेन्सर दाब आणि प्रवाह सतत कळवत राहतात. किती दाब हवा होता आणि किती आहे, यातली तफावत एआय हेरतं आणि कुठे खणायचं ते सुचवतं. स्पेनमधल्या वालेन्सियाचा पाणीपुरवठा अशा जुळ्याच्या मदतीने चालतो. मला याचं कौतुक आहे. १८९२ च्या तानसा तलावापासून मुंबई लांबून पाणी आणते आहे. शुद्ध केलेलं ते पाणी जमिनीत मुरलं, तर त्यावर खर्चलेली वीजही मुरते. आणि पहाटे चारला हंडे भरण्यात रम्य असं काहीही नव्हतं.

पण गोम अशी, की चोवीस तास पाणी असलेल्या शहरात मध्यरात्री वापर जवळपास थांबतो, तरीही जे वाहतं त्यात बहुतेक गळतीच असते. आमच्याकडे ही खूण चालत नाही, आमचे नळ दिवसातले काही तासच भरलेले! ते रिकामे होतात, त्यात हवा शिरते, पाणी आलं की सगळे एकदम तोट्या सोडतात, कुणी गुपचूप मोटरही लावतो. जुळ्याची नेहमीची गणितं मात्र वाहिनी भरलेलीच आहे असं धरून चालतात.

त्यात जुने व्हॉल्व्ह. नोंदीत 'उघडा', दांडाही फिरतो, पण आतली पाटी तुटून खालीच अडकलेली. चावीवाल्याला ते मनगटात कळायचं. अशा व्हॉल्व्हपाशी अजूनही चावी घेऊन माणूसच पाठवावा लागतो.