शंभरातली एक

पाळी लांबली तेव्हा आधी हसूच आलं. तांबी आहे की, ३८० ए, दहा वर्षं चालणारी. मग काळजी कसली? पण रात्री ओटा आवरताना हात थांबला. बसवताना डॉक्टर मॅडम म्हणाल्या होत्या, वर्षभरात शंभरातल्या एकीलाही क्वचितच दिवस जातात. त्या ‘क्वचित’वर मी निर्धास्त होते. आता त्या आकड्यातली ती एक बाई दिसायला लागली आहे. तिलाही घर असेल, पुढचं काहीतरी ठरलेलं असेल.

यांना सांगितलं, तर म्हणाले, “उगाच काहीतरी.” मग पेपरचं एकच पान बराच वेळ धरून बसले.

तांबी असताना गर्भ राहिलाच, तर तो नळीत नाही ना, हे आधी बघावं लागतं. म्हणजे सोनोग्राफी आली. साधन फसलं म्हणून गर्भपाताची मुभा १९७१च्या कायद्यात फक्त विवाहितेला होती. २०२१च्या दुरुस्तीने ती अट गेली. र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं १९२१मध्ये. मधली शंभर वर्षं काय करत होतो आपण?

भीती आहेच. पण तिच्या तळाशी आणखी काहीतरी आहे, आणि त्याला आनंद म्हणायला मी धजत नाही. माळ्यावर धाकटीची झबली आहेत. मागणारे होते, तरी दिली नाहीत.

उद्या किट आणायचं. गल्लीतला मेडिकलवाला ओळखीचा, तेव्हा पलीकडच्या चौकात जाईन. यांना बरोबर न्यावं का, ते अजून ठरत नाही.